टोपी काढून ऐकणारे धाकटे मास्तर

माझं आजवर या जगात एकाच माणसाने पुरतं ऐकून घेतलं, आणि माझं सर्वांत मोठं नुकसानही त्याच माणसाने केलं. बाकीच्यांनी नुकसान केलं नाही असं नाही. पण त्यांनी ते न ऐकता केलं. न ऐकता केलेलं नुकसान माणूस चार दिवस शिव्या देऊन विसरून जातो. नीट ऐकून घेऊन, मधे मधे मान डोलावून, शेवटी आपल्याच तोंडून 'बरोबर' म्हणवून घेऊन केलेलं नुकसान कसं विसरायचं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

नवापूर आणि नंदुरबार यांच्यामध्ये रेल्वेची जी लहान लहान स्टेशनं आहेत, त्यांतल्या एका स्टेशनावर ते धाकटे मास्तर होते. स्टेशनाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्यावर रागावलेली आहेत आणि मला तिथून अजून आंबा उचलायचा असतो. मोठे मास्तर पोटाच्या दुखण्याने बहुतेक वेळ घरात असत, त्यामुळे तिकिटं, तारयंत्र, मालाच्या पावत्या, आलेल्या-गेलेल्या गाड्या, भांडणं आणि शिव्या हे सगळं खातं धाकट्या मास्तरांकडे होतं. बाकी खात्यांचं मला ठाऊक नाही, पण शिव्यांचं खातं त्यांनी जसं चालवलं तसं साऱ्या रेल्वेत कोणी चालवलं नसेल.

मी स्वतः आंब्याचा व्यापारी. डोक्यावर पाटी घेऊन खांडबाऱ्याच्या बाजारात बसण्यापासून सुरुवात केली. कोणी हात दिला नाही, कोणी शिकवलं नाही. धंद्याचं एकच सूत्र मी स्वतः शोधून काढलं होतं, ते असं, की समोरच्याला बोलू द्यायचं नाही. समोरचा बोलला की त्याची अडचण कळते, अडचण कळली की दया येते, आणि दया आली की सौदा हातचा जातो. म्हणून मी आधी बोलतो, मोठ्याने बोलतो आणि शेवटपर्यंत बोलतो. माझ्या आवाजाने डोंगराकडच्या झाडांवरचे आंबे आपोआप गळतात असं लोक म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. फक्त पिकलेले गळत.

अशा मला तो माणूस भेटला. अंगाने काडी. त्या काडीवर दोन कान असे बसवलेले, की वारा सुटला तर हे उडून तापीपार जातील की काय अशी काळजी वाटावी. डोक्यावर रेल्वेची काळी टोपी. ती टोपी हे त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार. कोणी काही सांगायला आलं, की ते आधी टोपी काढून टेबलावर उपडी ठेवत, डावा डोळा मिटत आणि म्हणत, "हं, बोला." मी पहिल्यांदाच विचारलं होतं, टोपी कशाला काढता? तर म्हणाले, "टोपी घातली की मी रेल्वे असतो. रेल्वेला कान नाहीत." सगळ्या गावाला हे ठाऊक झालं होतं. त्यांच्या डोक्यावर टोपी असेपर्यंत कोणी तोंड उघडत नसे. कुणी नवखा बोलू लागलाच तर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन त्याला बाजूला ओढी आणि सांगे, "थांब भो, मास्तरनी आजून टोपी काढी नही."

बोलणाऱ्याचं बोलून झालं, की खरी गंमत सुरू होई. मास्तर ते सगळं बोलणं त्याचं त्याला परत सांगत. ऐकलेलं जसंच्या तसं, अहिराणी असेल तर अहिराणीत, गुजराती असेल तर गुजरातीत, डोंगराकडच्या माणसाचं असेल तर जमेल तितकं त्याच्या बोलीत. स्वतः ते घाटावरचे. बोलायचे कचेरीतली मराठी. पण परत सांगताना आमच्या बाजारातल्या मिरच्या विकणाऱ्या बाईचा सूरसुद्धा त्यांच्या तोंडून तसाच्या तसा निघे. सांगून झालं की विचारत, "बरोबर?" समोरचा 'बरोबर' म्हणाला, की पुढचा प्रश्न, "आणखी काही?" समोरचा 'नाही' म्हणाला, की टोपी डोक्यावर, आणि मग उत्तर. त्याआधी इंग्लंडचा राजा आला असता तरी त्याला उत्तर मिळालं नसतं.

ही सवय त्यांना तारयंत्राने लावली होती. पुढच्या स्टेशनाकडे गाडी सोडायची, तर आधी तारेने विचारायचं, लाइन मोकळी आहे का? पुढचा मास्तर हाच प्रश्न शब्दन् शब्द परत पाठवणार, तो बरोबर आहे असं आपण कळवणार, तेव्हा तो होकार देणार, आणि तेव्हाच गाडी सुटणार. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन गाड्या समोरासमोर. मास्तर म्हणायचे, "शेठ, इंजिनाला एवढं जपतो आपण. माणसाचं बोलणं काय कमी वजनाचं असतं? लोक होकार न घेताच एकमेकांवर बोलणी सोडतात. मग टक्कर झाली की ओरडतात." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी ओरडतच होतो.

आता या पद्धतीला थोडा वेळ लागे, हे कबूल केलं पाहिजे. एकदा एक शेतकरी धापा टाकत आला आणि खिडकीतून ओरडला, "मास्तर, नंदुरबारनी गाडी कव्हय शे?" मास्तरांनी टोपी काढली, डोळा मिटला. "'नंदुरबारनी गाडी कव्हय शे', असं तुम्हाला विचारायचं आहे. बरोबर?"

"हा, बरोबर."

"आणखी काही?"

"नही."

मास्तरांनी टोपी घातली आणि म्हणाले, "ती ही आत्ता निघाली." शेतकऱ्याने वळून पाहिलं, तर गार्डाचा डबा सिग्नलापाशी पोचला होता. नवल असं, की तो माणूस मुळीच चिडला नाही. पुढे कित्येक बाजारांना तो लोकांना सांगत असे, "गाडी चुकनी, पन मानूस चांगला शे."

शिव्यांच्या बाबतीत तर ते फारच काटेकोर. मी त्यांना पहिल्याच भेटीत यथेच्छ बोललो होतो. पावती मिळायला उशीर झाला होता आणि माझं डोकं फिरलं होतं. माझं बोलून झाल्यावर त्यांनी सगळं परत सांगितलं आणि शेवटी बोटांवर मोजत म्हणाले, "शिवाय तुम्ही मला दगड म्हणालात, एकदा. बहिरा, एकदा. गाढव, दोनदा. यातलं दुसरं गाढव रागाने म्हणालात की सवयीने?" मी आयुष्यात पहिल्यांदा विचारात पडलो. खूप विचार करून म्हणालो, "सवयीने." ते म्हणाले, "मग ते धरत नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मला मोठी सूट दिली. माझा राग असा उतरला, की घरी गेल्यावर बायकोने विचारलं, बरं नाही का?

दोन गाडीवानांच्या बैलगाड्या एकमेकींवर आदळल्या आणि स्टेशनाच्या अंगणात हाणामारीची वेळ आली, तेव्हा मास्तर टोपी हातात घेऊन मधे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तू याचं म्हणणं सांग आणि तू त्याचं. आपलं कोणी सांगायचं नाही." पहिला दुसऱ्याचं म्हणणं सांगू लागला आणि अर्ध्यातच थांबला, कारण ते त्याला पटू लागलं. दुसऱ्याला पहिल्याचं इतकं पटलं, की तो स्वतःलाच शिव्या देऊ लागला. शेवटी दोघं भांडले ते चूक माझी की माझी यावर. त्याला मात्र मास्तरांकडे उपाय नव्हता.

हे सगळं घडायचं ते आंब्याच्या दिवसांत. ज्याने आंब्याच्या दिवसांत आमचं स्टेशन पाहिलं नाही, त्याला गर्दी म्हणजे काय हे कळणार नाही. पन्नास पन्नास बैलगाड्या सोडलेल्या, बैल एकमेकांच्या पेंढ्याला तोंड घालतायत, करंड्यांचे डोंगर, माश्यांचे ढग, एका हाताला तारयंत्र कडकडतंय, दुसऱ्या हाताला मालगाडी शिट्ट्या घालतेय, आणि खिडकीत दहा तोंडं एकदम बोलतायत. त्यात लढाईची वर्षं. मालगाडीचा डबा, ज्याला आम्ही व्यापारी लोक वाघीण म्हणतो, तो मिळणं म्हणजे देव भेटणं. सगळ्या वाघिणी सरकारने लढाईच्या मालाला लावलेल्या. आठवड्यात एक आमच्या वाट्याला आली तर नशीब. आणि या सगळ्याच्या मधोमध हा काडीसारखा माणूस, डावा डोळा मिटून, एका वेळी एका माणसाचं ऐकत उभा. जणू त्याच्यावर आणि बोलणाऱ्यावर कोणी काचेची बरणी पालथी घातली आहे.

त्या वर्षी माझा आंबा फलाटावर पडला होता. पाडाला आलेला, कडक, सुरतेला जायचा. आणि तिकडे कोपऱ्यात रेमजीबाबाचा आंबा होता. रेमजीबाबा म्हणजे गुजरातच्या हद्दीकडच्या डोंगरातला कोकणी जमातीचा म्हातारा शेतकरी. दरवर्षी तो आणि त्याच्या पाड्यातली पाच-सहा घरं मलाच आंबा देत. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की शेठला द्यायचा नाही, आपला आपण सुरतेला पाठवायचा. माझ्या सौदा करण्याच्या पद्धतीला ते कंटाळले होते म्हणे. आयुष्यात पहिल्यांदाच असा माल पाठवत होते. त्यामुळे त्यांनी चूक ती केलीच. झाडावर पूर्ण पिकू दिला आणि मग काढला. करंड्यांतून रस गळत होता.

आणि वाघीण आली एक.

मी खिडकीत घुसलो. "मास्तर, माले आज वाघीण पाहिजे! मन्हा आंबा सडी ऱ्हायना, अन् तुम्ही आठे टोपी घालीसन बठेल शेतस!"

मास्तरांनी टोपी काढली. "शेठ, आधी रेमजीबाबा आले होते. त्यांचं ऐकून होऊ द्या."

रेमजीबाबाचं ऐकणं म्हणजे काय विचारता! तो एक वाक्य बोले आणि थांबे. असा थांबे, की मधल्या वेळात माझं एक लग्न होऊन गेलं असतं. आंबा पिकलाय, असं म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, घरची माणसं वाट बघतायत. मग इतका वेळ थांबला, की पॉइंटमन हातावर तंबाखू मळून, खाऊन, थुंकूनही आला. मास्तर हलले नाहीत. शेवटी म्हातारा मानेने 'झालं' म्हणाला. मास्तरांनी त्याची दोन वाक्यं त्याच्या बोलीत परत सांगितली आणि वर म्हणाले, "आणि मग तुम्ही इथं थांबलात. बरोबर?" म्हाताऱ्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर," म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. थांबण्याचाही हिशेब धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग माझी पाळी. मी बोललो. कसा बोललो! लढाई, सरकार, रेल्वे, ऊन, सुरतेचा दलाल, डोंगराकडच्या लोकांची बेइमानी, कोणालाही सोडलं नाही. मास्तरांनी सगळं परत सांगितलं, माझ्याच अहिराणीत, माझ्याच हातवाऱ्यांसकट. "बरोबर?" मी म्हणालो, बरोबर. "आणखी काही?"

या 'आणखी काही'ने माझा घात केला. सौद्यात माणूस आपल्याला 'पुरे' म्हणतो, 'जा' म्हणतो, 'परवडत नाही' म्हणतो. 'आणखी काही?' कोणी म्हणत नाही. माझ्या मनात आणखी पुष्कळ होतं, आणि ते इतक्या वर्षांत कोणी मागितलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो. मास्तरांना सांगू लागलो, की आम्ही सात भावंडं. जेवायला बसलो की जो मोठ्याने ओरडेल त्याच्या ताटात आधी पडे. मी सगळ्यांत धाकटा, म्हणून मला सगळ्यांत मोठ्याने ओरडावं लागे. तेव्हापासून हा आवाज असा आहे. तो कमी करायला गेलो की मला अजून भूक लागल्यासारखं वाटतं. हे मी कोणालाही बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. बोलता बोलता डोळे भरून आले, मन कापसासारखं हलकं झालं, आणि त्या हलकेपणात मी म्हणून गेलो, "एवढी काय घाई नही, मास्तर. मन्हा आंबा काय, आखो दोन दिन टिकी."

मास्तरांनी सगळं परत सांगितलं. सात भावंडं सांगितली, ताट सांगितलं, भूक सांगितली. आणि शेवटी सांगितलं, "'मन्हा आंबा आखो दोन दिन टिकी.' बरोबर?"

"बरोबर," मी डोळे पुसत म्हणालो.

"आणखी काही?"

"नही."

त्यांनी टोपी घातली. टोपी डोक्यावर टेकली, आणि मी काय बोलून बसलो होतो ते मला तेव्हा ऐकू आलं. मास्तर म्हणाले, "शेठ, तुमचा माल दोन दिवस टिकेल. रेमजीबाबांचा आज गेला नाही तर जाणारच नाही. वाघीण त्यांची."

मी पुढचा पाव तास काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी तेही टोपी काढून ऐकलं असतं, पण मालगाडीची वेळ झाली होती. रेमजीबाबाच्या करंड्या माझ्या डोळ्यांदेखत चढल्या. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं सौदे करणारा माणूस, ज्याच्या तोंडून सुरतेच्या दलालांना कधी खरी गोष्ट कळली नाही, तो आयुष्यात एकदा मोकळेपणाने खरं बोलला, आणि त्याचं हे फळ!

दोन दिवसांनी वाघीण आली नाही. तीन दिवसांनी आली नाही. पाचव्या दिवशी आली, तेव्हा माझ्या निम्म्या करंड्या बैलांपुढे उलट्या करून झाल्या होत्या, आणि बैलसुद्धा तोंड फिरवत होते. मी तसाच खिडकीत गेलो आणि म्हणालो, तक्रारवही द्या.

मास्तरांनी वही दिली, दौत दिली, बसायला आपली खुर्ची दिली. मी माझ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. ते टोपी काढून वाचू लागले. म्हणाले, "हे फार मवाळ झालं, शेठ. तुम्ही तोंडी याहून जोरात बोलला होतात. आणि 'उद्धट' लिहिलंत ते बरोबर नाही, मी उद्धट बोललो नव्हतो. तुम्हाला 'विश्वास दाखवून गळा कापला' असं म्हणायचं आहे. बरोबर?" मी म्हणालो, "बरोबर! अगदी हेच!" ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. असं दोन पानं झालं. इतकी सुरेख तक्रार मी पुन्हा कधी वाचली नाही. वाचून माझ्याच अंगावर काटा आला. सही करताना मला क्षणभर वाटलं, की हा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. पण राग गरम होता, आणि तक्रार खरोखरच चांगली जमली होती. ती फुकट घालवावीशी वाटेना.

तक्रारीचा परिणाम असा झाला, की पंधरा दिवसांत वरचे साहेब ट्रॉलीवर बसून चौकशीला आले. त्यांना एका दिवसात पाच स्टेशनं उरकायची होती. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पेन्सिलीने टेबल बडवायला सुरुवात केली. पॉइंटमनने माझ्या कानात सांगितलं, की या साहेबांनी मागच्या महिन्यात दोघांना घरी बसवलं. माझा राग तोवर बराच निवला होता. राग माझ्याकडे फार टिकत नाही. आंब्यापेक्षा कमीच टिकतो.

"तक्रारदार कोण? थोडक्यात बोला."

"साहेब, मी आंब्याचा—"

"आंब्याचं नको. तक्रार बोला."

"तक्रार आंब्याचीच—"

"डबा मिळाला नाही. हेच ना?"

"मिळाला नाही, पण—"

"पण नको."

मी गप्प झालो. मी! माझं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं. ताटात सगळ्यांचं वाढून झालंय आणि आपल्यापर्यंत येता येता भात संपलाय, असं मला वाटलं.

तेव्हा धाकट्या मास्तरांनी टोपी काढून साहेबांच्या टेबलावर उपडी ठेवली. म्हणाले, "साहेब, यांचं म्हणणं मी सांगू?" आणि सांगू लागले. साहेबांची पेन्सिल थांबली. मास्तर म्हणाले, "यांचा खरा राग डब्याचा नाही. डबे पुष्कळ वेळा मिळाले नाहीत. राग याचा आहे, की मी यांना विचारलं, 'आणखी काही?', आणि हे मला माणूस समजून मनातलं बोलले. मी टोपी काढून ऐकलं आणि टोपी घालून ते वापरलं. जे टोपी काढून ऐकलं, ते टोपी घालून वापरायला नको होतं. वाघीण त्या म्हाताऱ्यालाच द्यायला हवी होती. पण त्यांच्या करंड्या बघून द्यायला हवी होती, यांच्या तोंडून काढून घेऊन नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर?"

हे मी म्हणालोच नव्हतो. तक्रारीतही नव्हतं. पण पाच दिवस आणि पंधरा दिवस जे मला आत खुपत होतं, ते नेमकं हेच होतं. मी म्हणालो, "बरोबर." आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हाला हे कबूल आहे?"

"यांचं म्हणणं खरं आहे, साहेब."

"मग बडतर्फ."

"फार होतं," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"बडतर्फ फार होतं, साहेब. पहिल्याच शब्दाला एवढं कोणी बोलत नाही. काहीतरी कमी करा."

"हा काय बाजार आहे?"

"माल माझा सडला. तक्रार माझी. मग शिक्षा किती हे मला विचाराल की नाही?" माझा आवाज परत आला होता. खिडकीच्या काचा हादरल्या.

"ठीक आहे. पायरी उतरवतो."

"धाकट्याच्या खाली पायरी कुठं आहे? खाली पॉइंटमन. त्याला विचारा, चालतं का." पॉइंटमनने दारातून जोरजोरात मान हलवली. "नुसती ताकीद द्या. तोंडी. मी समोर आहे, मी ऐकतो, तुम्ही द्या."

"तुमचीच तक्रार आहे ना ही?"

"माझीच. म्हणून तर कमी करतोय. दुसऱ्याची असती तर मी कशाला मधे पडलो असतो?"

साहेब बधेनात. मग मी शेवटचा उपाय केला. उठलो, पागोटं सारखं केलं, "राहू द्या मग, आमची तक्रारच नाही" असं म्हणालो आणि दाराकडे चालू लागलो. सौदा तुटत आला की उठायचं असतं. समोरचा हाक मारतोच. दाराशी पोचलो तेव्हा साहेबांनी हाक मारली.

"बदली," ते म्हणाले. "हा माझा शेवटचा शब्द."

शेवटचा शब्द खरा कोणता आणि खोटा कोणता, हे मला आवाजावरून कळतं. हा खरा होता. बडतर्फीपासून बदलीपर्यंत मी त्यांना खाली आणलं होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढा कठीण सौदा मी केला नव्हता. मास्तर शांतपणे टोपी उचलून तिच्यावरची धूळ झटकत होते. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "शेठ, तुम्ही आज छान बोललात. पण एकदाही साहेबांचं ऐकलं नाहीत." हा माणूस असा होता. नोकरी जाता जाता राहिली, आणि हे मला ऐकायला शिकवत होते.

बदली झाली ती लांबच्या एका जंक्शनाच्या तारघरात. तिथं म्हणे बारा यंत्रं आहेत आणि दिवसभर नुसती कडकड ऐकायची. माणूस कोणी बोलायला येत नाही. टोपी काढायची की घालायची, हा प्रश्नच नाही.

ते निघाले त्या दिवशी अर्धा बाजार फलाटावर होता. गाडी चुकलेला तो शेतकरी मुद्दाम दोन तास आधी आला होता. रेमजीबाबा डोंगर उतरून आला होता आणि एका खांबाशी उभा होता. मी मोसमातल्या शेवटच्या आंब्यांची एक करंडी बांधून नेली होती. ती मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणालो, "आंबा चांगला आहे. दोन दिवस टिकेल."

मास्तर हसले. त्यांना मी तसं मोठ्याने हसताना पहिल्यांदा पाहिलं. कान मागेपुढे हलत होते. मग त्यांनी करंडी खाली ठेवली, टोपी काढली, डावा डोळा मिटला आणि माझ्यासमोर उभे राहिले. इंजिनाने शिट्टी दिली. गार्डाने हिरवं निशाण बाहेर काढलं. ज्या माणसाने सारी हयात एकही गाडी अर्धा मिनिट उशिरा सोडली नाही, तो माझ्यासाठी उभा होता. आणि मला एक शब्द सुचला नाही.

ते म्हणाले, "तुम्ही इथं थांबलात. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

"आणखी काही?"

मी मान हलवली. "नाही."

त्यांनी टोपी घातली आणि डब्यात चढले.

पुढच्या मोसमात मी रेमजीबाबाच्या पाड्यावर गेलो. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि खाली बसलो. म्हातारा एक वाक्य बोलला आणि थांबला. माझ्या तोंडाशी शंभर शब्द आले होते. ते कसे गिळले ते माझं मलाच ठाऊक. मग म्हणालो, "बाबा, तुम्ही इथं थांबलात. बरोबर?" म्हातारा खो खो हसला, इतका, की त्याच्या सुनेने घरातून डोकावून पाहिलं. आंबा मला मिळाला, अर्धा. अर्धा ते स्वतः सुरतेला पाठवतात, आणि आता वेळेवर काढतात. मास्तरांनी माझा धंदा असा दोन्हीकडून बिघडवला आहे.

तक्रार माझी अजून आहे. ती वहीत आहे, त्यांच्या शब्दांत, माझ्या सहीनिशी. तिच्याबद्दल कोणाशी बोलायला गेलो, तर लोक दुसऱ्याच वाक्याला म्हणतात, "कळलं, कळलं." काही कळलेलं नसतं. सौदे करताना मी जन्मभर खोटं बोलत आलो, आणि त्याचा मला कधी तोटा झाला नाही. फक्त त्या दिवशी फलाटावर, टोपी काढून 'आणखी काही?' विचारणाऱ्या माणसाला मी 'नाही' म्हणालो, तेवढं एक खोटं मला महाग पडलं.